प्रतिकारशक्तीची मोजदाद : मानवी चाचण्यांमागील प्रयोगशाळेचे नेतृत्व

एखाद्या नव्या लशीची मानवी चाचणी सुरू झाली, की वृत्तपत्रांत लशीचे नाव येते, ती बनविणाऱ्या कंपनीचे नाव येते आणि काही वर्षांनी ती लस कितपत गुणकारी ठरली याची टक्केवारी येते. या दोन बातम्यांच्या दरम्यान हजारो स्वयंसेवकांच्या दंडातून काढलेल्या रक्ताच्या नळ्या कोठे जातात, त्यांतून नेमके काय मोजले जाते आणि त्या आकड्यांची जबाबदारी कोण घेते, हे मात्र सहसा वाचकांपर्यंत पोहोचत नाही. हे काम करणाऱ्या प्रयोगशाळेला 'इम्यून मॉनिटरिंग लॅबोरेटरी' म्हणजेच प्रतिकारशक्तीचे मोजमाप करणारी प्रयोगशाळा असे म्हणतात. जीवशास्त्र, वैद्यक, संख्याशास्त्र आणि व्यवस्थापन या चार शाखांचा संगम असलेले हे क्षेत्र असून, अशा प्रयोगशाळेचे प्रमुखपद ही संशोधनातील अत्यंत जबाबदारीची वाट मानली जाते.

नेहमीच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेहून या प्रयोगशाळेचे स्वरूप मुळातच वेगळे आहे. रक्तातील साखर किंवा हिमोग्लोबिन किती असावे, याचे प्रमाण तेथे आधीच ठरलेले असते आणि अहवाल त्या त्या रुग्णाच्या हाती पडतो. नव्या लशीच्या चाचणीत असे प्रमाण उपलब्ध नसते. शरीराने लशीला प्रतिसाद दिला हे मोजता येते. परंतु तो प्रतिसाद रोगापासून वाचवील की नाही, हे चाचणी संपेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे या क्षेत्रात अचूक मोजणे आणि योग्य तेच मोजणे, अशा दोन स्वतंत्र कसोट्या असतात. पहिली कसोटी कष्टाने साधता येते. दुसरीचे उत्तर मात्र कधी कधी दशकभराच्या कामानंतर मिळते आणि ते मनासारखे असतेच असे नाही.

नळीपासून आकड्यापर्यंत

स्वयंसेवकाचे रक्त काढल्यानंतर प्रयोगशाळेचे घड्याळ सुरू होते. रक्तातील लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी घनतेच्या फरकावर वेगळ्या केल्या जातात. १९६८ मध्ये नॉर्वेचे संशोधक आर्ने बॉयम यांनी प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही जगभर वापरात आहे. हे काम साधारणपणे आठ तासांच्या आत व्हावे, असा अनेक चाचण्यांचा दंडक असतो. कारण उशीर झाल्यास पेशींचा प्रतिसाद क्षीण होतो. वेगळ्या केलेल्या पेशींचे तापमान मिनिटाला सुमारे एक अंश या संथ गतीने उतरवीत त्या गोठविल्या जातात आणि उणे १५० अंश सेल्सिअसहूनही थंड अशा द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांत ठेवल्या जातात. पुढे महिन्यांनी वा वर्षांनी त्या वितळवून त्यांची परीक्षा घेतली जाते. साठवणुकीत झालेली चूक नंतर कोणत्याही महागड्या यंत्राने दुरुस्त करता येत नाही.

परीक्षा घेण्याची मुख्य साधने तीन प्रकारची आहेत. पहिले साधन प्रतिपिंडांचे, म्हणजे अँटीबॉडींचे. त्या किती आहेत, विषाणूच्या कोणत्या भागाला चिकटतात आणि त्याला निष्प्रभ करू शकतात का, हे त्यांत तपासतात. दुसरे साधन 'एलिस्पॉट'. लशीतील घटकाशी गाठ पडताच ज्या पेशी इंटरफेरॉन गॅमासारखे प्रथिन स्रवतात, त्यांतील प्रत्येकीचा एकेक ठिपका खास पटलावर उमटतो आणि दहा लाख पेशींमागे असे किती ठिपके पडले, याची मोजणी होते. ही पद्धत १९८३ मध्ये पुढे आली. तिसरे साधन 'फ्लो सायटोमेट्री'. यात रंगीत चकाकणाऱ्या प्रतिपिंडांनी खुणा केलेल्या पेशी एकामागून एक लेसर किरणांसमोरून जातात आणि प्रत्येक पेशीची ओळख व तिचे काम यांची नोंद होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या तंत्राला आधुनिक रूप दिले. १९७५ मध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच साच्यातील प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची युक्ती शोधून काढली. १९८४ च्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळालेल्या या शोधावाचून फ्लो सायटोमेट्रीचा आजचा विस्तार झालाच नसता.

सिॲटलमधील एक कारकीर्द

या क्षेत्रातील नेतृत्व म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील सिॲटल शहराकडे वळावे लागते. तेथील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात 'एचआयव्ही व्हॅक्सिन ट्रायल्स नेटवर्क' या जागतिक संघटनेचे मुख्यालय १९९९ मध्ये स्थापन झाले. एड्सच्या लशींच्या चाचण्या अनेक खंडांत घ्यायच्या, पण त्यांतील रक्ताची परीक्षा ठरावीक प्रयोगशाळांत एकाच पद्धतीने करायची, अशी या संघटनेची रचना होती. सिॲटल, ड्यूक विद्यापीठ आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथील प्रयोगशाळा तिच्याशी जोडल्या गेल्या.

या प्रयोगशाळा-कार्यक्रमाचे नेतृत्व डॉ. ज्युलियाना मॅकेलराथ यांनी दीर्घकाळ केले. वैद्यकाची पदवी आणि पीएच.डी. अशी दुहेरी बैठक असलेल्या मॅकेलराथ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधनानंतर सिॲटलला आल्या. एड्सवर प्रभावी औषधे नव्हती त्या काळात रुग्णांवर उपचार करणारी डॉक्टर आणि त्याच विषाणूविरुद्ध शरीर कसे लढते हे प्रयोगशाळेत पाहणारी शास्त्रज्ञ, अशा दोन्ही भूमिका त्यांनी निभावल्या. त्यांच्या कारकिर्दीतील ठळक टप्पे पाहिले, की या पदावरील व्यक्तीला यशापेक्षा अपयशाचे वाचन अधिक काळजीपूर्वक करावे लागते, हे ध्यानात येते.

'स्टेप' चाचणीचा धडा

डिसेंबर २००४ मध्ये 'स्टेप' नावाची चाचणी सुरू झाली. मर्क कंपनीची ही लस सर्दीच्या एका दुबळ्या केलेल्या विषाणूच्या पाठीवर एचआयव्हीची तीन जनुके शरीरात पोहोचवीत असे. प्रतिपिंडांऐवजी टी पेशींना चेतविणे हा तिचा हेतू होता. सुमारे तीन हजार स्वयंसेवक तीत सहभागी झाले. एलिस्पॉटच्या कसोटीवर लस घेतलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या रक्तात अपेक्षित प्रतिसाद दिसला. त्या वेळच्या मापदंडांनुसार हा निकाल आशादायक होता.

प्रत्यक्षात सप्टेंबर २००७ मध्ये ही चाचणी थांबवावी लागली. लशीने संसर्ग रोखला नाही आणि संसर्ग झालेल्यांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाणही घटविले नाही. इतकेच नव्हे, तर लशीच्या वाहक विषाणूविरुद्ध आधीपासून प्रतिपिंडे असलेल्या आणि सुंता न झालेल्या पुरुषांच्या गटात लस घेणाऱ्यांमध्ये संसर्ग अधिक आढळला. २००८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात या चाचणीचे निष्कर्ष दोन लेखांत प्रसिद्ध झाले. त्यांपैकी प्रतिकारशक्तीविषयीच्या लेखाच्या पहिल्या लेखिका मॅकेलराथ होत्या.

प्रयोगशाळेचे मोजमाप चुकले होते का? नाही. पेशींचा प्रतिसाद खरोखरच निर्माण झाला होता आणि तो नीट मोजलाही गेला होता. तो संरक्षण देणारा प्रतिसाद नव्हता, एवढेच. मोजमाप विश्वासार्ह होते म्हणूनच लशीमागची कल्पना अपुरी पडली, असे निश्चितपणे सांगता आले. मोजमाप ढिसाळ असते, तर लस वाईट की परीक्षा वाईट, या वादात पुढची अनेक वर्षे गेली असती आणि स्वयंसेवकांनी पत्करलेला धोका वाया गेला असता.

थायलंडच्या रक्तातील उत्तर

दुसरा धडा थायलंडमधून मिळाला. तेथील रायोंग आणि चोनबुरी या प्रांतांत २००३ पासून १६,४०२ स्वयंसेवकांवर दोन लशींच्या संयुक्त मात्रेची चाचणी झाली. अनेक नामवंत शास्त्रज्ञांना या लशीकडून फारशी आशा नव्हती. सप्टेंबर २००९ मध्ये निकाल आला तेव्हा संसर्गाचा धोका ३१.२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. लस वापरात आणण्यासाठी हे प्रमाण अपुरे होते. पण एचआयव्हीपासून लशीने काही अंशी का होईना संरक्षण मिळू शकते, याचा हा पहिलाच पुरावा होता.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. ज्यांना संरक्षण मिळाले त्यांच्या रक्तात असे काय होते, जे इतरांच्या रक्तात नव्हते? ड्यूक विद्यापीठाचे बार्टन हेन्स यांच्या नेतृत्वाखाली अनेक प्रयोगशाळा एकत्र आल्या. आधी चाचणीपद्धतींचीच चाचणी घेण्यात आली. कसोटीला उतरलेल्या १७ पद्धतींमधून मुख्य विश्लेषणासाठी फक्त सहा मोजमापे निवडण्यात आली. लस घेऊनही संसर्ग झालेल्या ४१ जणांच्या आणि संसर्ग न झालेल्या २०५ जणांच्या नमुन्यांची तुलना झाली. कोणता नमुना कोणत्या गटातील आहे, हे प्रयोगशाळांना ठाऊक नव्हते. विषाणूच्या आवरणावरील व्ही-१ व्ही-२ या भागाला चिकटणारी आयजीजी प्रतिपिंडे ज्यांच्यात अधिक होती, त्यांच्यात संसर्ग कमी होता. तर आवरणाविरुद्धची आयजीए प्रतिपिंडे अधिक असलेल्यांत तो जास्त होता, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. अनेक मोजमापांतून मोजकीच आधी निवडण्यामागे कारण होते. शंभर गोष्टी मोजल्या तर त्यांतील पाच-दहा निव्वळ योगायोगाने जुळलेल्या दिसतात. हा मोह आवरण्याचा निर्णय शास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ मिळून नमुने उघडण्यापूर्वी घेतात.

या निष्कर्षाचा आधार घेऊन दक्षिण आफ्रिकेत पुढील पाऊल टाकण्यात आले. तेथील विषाणूप्रकाराला अनुरूप केलेली लस प्रथम 'एचव्हीटीएन १००' या २५२ स्वयंसेवकांच्या छोट्या चाचणीत वापरली गेली. रक्तातील प्रतिसाद किती असेल तरच मोठी चाचणी सुरू करायची, याचे निकष आधीच ठरले होते. २०१६ मध्ये प्रयोगशाळेचे आकडे आले, निकष पूर्ण झाले आणि 'एचव्हीटीएन ७०२' ही मोठी चाचणी सुरू झाली. ५,४०७ जणांनी तीत भाग घेतला. फेब्रुवारी २०२० मध्ये ती थांबविण्यात आली, तेव्हा लस घेतलेल्या गटात १२९ आणि प्लासिबो घेतलेल्या गटात १२३ जणांना संसर्ग झाल्याचे आढळले होते. लस निष्प्रभ ठरली.

प्रयोगशाळेच्या आकड्याचे वजन किती असते, हे यावरून कळते. एका लहान चाचणीतील मोजमापांवर पाच हजारांहून अधिक माणसांचा सहभाग, कोट्यवधींचा खर्च आणि कित्येक वर्षे पणाला लागतात. निकष पूर्ण झाल्याचा अहवाल देणाऱ्या प्रमुखाला पुढे लस फसली तरी आपल्या आकड्यांचा प्रत्येक टप्पा पुन्हा उलगडून दाखविता आला पाहिजे.

एकच रक्त, अनेक आकडे

हे आकडे एका प्रयोगशाळेतून दुसरीत नेले तर तेच राहतील, याची खात्री सुरुवातीच्या काळात नव्हती. कर्करोगाच्या लशींवर काम करणाऱ्या संस्थांच्या एका संघटनेने यासाठी आंतरराष्ट्रीय तपासणी हाती घेतली. नऊ देशांतील ३६ प्रयोगशाळांना एकाच दात्यांच्या गोठविलेल्या पेशी पाठविण्यात आल्या आणि प्रत्येकीने आपापल्या पद्धतीने एलिस्पॉट करावे, असे सांगण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल धक्कादायक होते. आकड्यांत मोठी तफावत तर होतीच. शिवाय ज्या दात्याचा प्रतिसाद क्षीण होता, तो जवळजवळ निम्म्या प्रयोगशाळांना ओळखताच आला नव्हता. रुग्णाच्या शरीरात लशीचा परिणाम होत असूनही, केवळ प्रयोगशाळा बदलल्यामुळे तो 'नाही' असा नोंदविला जाऊ शकत होता.

त्यानंतर पेशी वितळविल्यावर किती वेळ विसावू द्याव्यात, कोणते माध्यम वापरावे, ठिपके कोणी व कसे मोजावेत, याविषयी समान सूचना तयार झाल्या. अहवालात कोणती माहिती अनिवार्यपणे द्यावी, याचीही चौकट आखली गेली. प्रतिपिंडांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित नमुन्यांचा आधार मिळतो. कोविडच्या साथीत ब्रिटनमधील प्रमाणीकरण संस्थेने बरे झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रवापासून तयार केलेला असा नमुना डिसेंबर २०२० मध्ये मान्य झाला. त्यामुळे निरनिराळ्या देशांतील लशींचे आकडे एकाच एककात मांडण्याची सोय झाली. बाजारातला वजनकाटा जसा प्रमाणित वजनाने तपासावा लागतो, तसाच हा प्रकार आहे.

प्रमुखाच्या टेबलावर

अशा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचा दिवस सूक्ष्मदर्शकाशी क्वचितच सुरू होतो. त्याच्या वा तिच्या टेबलावर असतात ते चाचणीचे आराखडे, यंत्रांच्या तपासणीच्या नोंदी, नमुन्यांच्या वाहतुकीचे अहवाल आणि फेटाळलेल्या प्रयोगांची यादी. प्रत्येक फेरीत एका ठरावीक निरोगी दात्याच्या गोठविलेल्या पेशी स्वयंसेवकांच्या नमुन्यांबरोबर तपासल्या जातात. त्यांचा आकडा नेहमीच्या मर्यादेबाहेर गेला, तर त्या दिवसाचा सारा प्रयोग बाद होतो. अशा वेळी संपत आलेल्या नमुन्यातील उरलेल्या पेशी पुन्हा वापराव्यात की राखून ठेवाव्यात, हा निर्णय प्रमुखाला घ्यावा लागतो. स्वयंसेवकाने लस घेण्यापूर्वी दिलेले रक्त दुसऱ्यांदा मिळत नाही.

नवी चाचणीपद्धत वापरात आणण्याआधी तिची विशिष्टता, पुनरावृत्तीतील सातत्य, किमान शोधमर्यादा आणि दोन तंत्रज्ञांच्या हातून येणाऱ्या निकालांतील फरक, हे सारे लेखी सिद्ध करावे लागते. 'गुड क्लिनिकल लॅबोरेटरी प्रॅक्टिस' या नावाने ओळखले जाणारे नियम या कामाचा पाया आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही २००८ मध्ये आपली अशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. कोणतीही नोंद खोडून बदलता येत नाही. दुरुस्ती केल्यास ती कोणी, केव्हा आणि का केली, हे दिसावे लागते.

सर्वांत अवघड जबाबदारी मात्र माणसांची असते. लस बनविणारे, पैसा पुरविणारे आणि चाचणी घेणारे, सर्वांनाच चांगल्या निकालाची आस असते. प्रयोगशाळेच्या प्रमुखाने त्या आशेपासून आपल्या तंत्रज्ञांना दूर ठेवायचे असते. नमुन्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक असतात, यामागे हेच कारण आहे. एखाद्या तरुण तंत्रज्ञाने आपल्या हातून नळी आडवी झाल्याचे स्वतःहून सांगितले, तर त्याला शिक्षेची भीती वाटू नये, असे वातावरण राखणे हेही नेतृत्वाचेच काम आहे. जेथे चुका लपविल्या जातात, तेथे आकडे नेहमीच स्वच्छ दिसतात. पण ते खरे नसतात.

या शिस्तीचे फळ २०२१ मध्ये एका छोट्या चाचणीत दिसले. एचआयव्हीविरुद्ध व्यापक प्रतिपिंडे बनविण्याची क्षमता असलेल्या, निरोगी शरीरात काही लाखांत एखादी आढळणाऱ्या बी पेशींना जागे करणे, हा त्या लशीचा हेतू होता. ४८ स्वयंसेवकांपैकी ३६ जणांना लस मिळाली आणि त्यांतील ३५ जणांत अपेक्षित पेशी सापडल्या. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात सिॲटलच्या प्रयोगशाळेचा महत्त्वाचा वाटा होता. अशी लस लोकांपर्यंत पोहोचण्यास पुष्कळ टप्पे बाकी आहेत. परंतु इतक्या दुर्मीळ पेशी विश्वासार्हपणे मोजता येतात, हे मात्र सिद्ध झाले.

पुण्याशी नाते

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. भारतातील एड्स लशीची पहिली मानवी चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्यातील भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. तीत ३० निरोगी स्वयंसेवक सहभागी झाले होते. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या 'सी' या विषाणूप्रकारावर बेतलेली ही लस सिॲटलच्याच एका कंपनीने तयार केली होती. लस सुरक्षित असल्याचे आढळले; पण तिने निर्माण केलेला प्रतिसाद अपुरा होता. त्यामुळे ती पुढे नेण्यात आली नाही. या तीस जणांचे योगदान म्हणून कमी ठरत नाही. त्या काळात एड्सच्या लशीसाठी स्वयंसेवक होणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संशयालाही तोंड देणे होते. कारण लशीमुळे निर्माण झालेली प्रतिपिंडे साध्या तपासणीत संसर्गासारखी भासू शकतात. अशा व्यक्तीला चुकीचा अहवाल हाती पडू नये, यासाठी संसर्ग आणि लशीचा परिणाम यांतील भेद ओळखणे, हेही प्रयोगशाळेचेच कर्तव्य असते.

कोविडच्या काळात, २०२० मध्ये, लशींच्या निरनिराळ्या चाचण्यांतील नमुने एकाच पद्धतीने तपासण्यासाठी 'सेपी' या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रयोगशाळांचे जाळे उभे केले. फरिदाबाद येथील 'ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स ॲण्ड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट'चा त्यात समावेश झाला. कर्करोगाच्या क्षेत्रातही ही गरज वाढते आहे. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या 'कार-टी' पेशीउपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्या शरीरात सोडलेल्या पेशी किती वाढल्या आणि किती काळ टिकल्या, हे अशा उपचारात फ्लो सायटोमेट्रीसारख्या तंत्रांनीच पाहावे लागते.

शिक्षण आणि वाटचाल

या क्षेत्रात येण्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र किंवा प्रतिकारशास्त्र यांतील एम.एस्सी. ही पहिली पायरी आहे. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्र वा पॅथॉलॉजीतील एम.डी. करून या वाटेला लागता येते. प्रमुखपदाची आकांक्षा असलेल्यांना पीएच.डी. आणि त्यानंतरचे काही वर्षांचे संशोधन जवळजवळ अपरिहार्य ठरते. त्यासाठी सीएसआयआर-यूजीसी 'नेट' तसेच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या संशोधनवृत्तींच्या परीक्षा उपयोगी पडतात. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र व राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, नवी मुंबईतील टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था आणि दिल्लीतील राष्ट्रीय प्रतिकारशास्त्र संस्था ही या विषयाशी संबंधित संशोधनाची महत्त्वाची ठिकाणे आहेत. लसनिर्मिती उद्योग आणि चाचण्यांचे कंत्राटी काम करणाऱ्या प्रयोगशाळांतही अशा मनुष्यबळाची गरज असते.

पदवीइतकेच महत्त्व काही कौशल्यांना आहे. फ्लो सायटोमीटर चालविण्याबरोबरच त्याच्या निकालांतील फसवे संकेत ओळखता यावेत. संख्याशास्त्राची भाषा अवगत असावी. किमान संख्याशास्त्रज्ञाला योग्य प्रश्न विचारता यावेत. संगणकावर माहितीचे विश्लेषण करण्याची सवय हवी. इंग्रजीत नेमके लिहिता यावे. कारण कामाची लेखी कार्यपद्धती आणि अहवाल हेच या व्यवसायाचे मुख्य दस्तऐवज असतात. शिवाय २०१९ चे नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांविषयीचे नियम, नैतिकता समितीची कार्यपद्धती आणि स्वयंसेवकांच्या संमतीची तत्त्वे यांचा अभ्यास हवा.

या वाटचालीत प्रसिद्धी क्वचितच लाभते. यशस्वी लशीचे श्रेय लस घडविणाऱ्याला मिळते आणि अपयशी लशीच्या बातमीत प्रयोगशाळेचा उल्लेखही नसतो. 'स्टेप'चे दार बंद झाले तरी थायलंडच्या नमुन्यांना नेमके कोणते प्रश्न विचारायचे, ते ठरविताना त्या अनुभवाचा उपयोग झाला. दक्षिण आफ्रिकेतील निकालाने त्या उत्तराच्याही मर्यादा दाखविल्या. आजवर एचआयव्हीवर लस मिळालेली नाही. मात्र कोणत्या वाटेने जाऊन ती मिळणार नाही, हे आज खात्रीने सांगता येते ते गोठविलेल्या रक्ताच्या प्रामाणिक नोंदींमुळेच. आकड्यांशी एकनिष्ठ राहण्याची, नकारार्थी उत्तरही तितक्याच काळजीने लिहिण्याची आणि त्या आकड्यामागे रक्त देणारे एक माणूस उभे आहे याचे भान ठेवण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी या क्षेत्राचा जरूर विचार करावा.